डॉकिंगचा स्कोअर आला, पण जंतू मेला का?

मागच्या अंकात ओव्याच्या तेलाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधे निम्म्याहून जास्त प्रश्न सुगंधी तेलं, जंतू आणि कॉम्प्युटर यांच्यावरच. शिरपूरपासून रावेरपर्यंत सगळीकडून आलेत. म्हटलं एकाच अंकात उरकून टाकू. नवख्यांसाठी एवढंच, डॉकिंग म्हणजे एखादा रेणू जंतूच्या प्रोटीनवर कॉम्प्युटरमधे बसवून पकड किती घट्ट याचा अंदाज घेणं, आणि स्कोअर जितका उणे तितकी पकड घट्ट. पहिलं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच पोरापोरींनी विचारलाय.

प्रश्न: मॅडम, मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला रोशा गवताचं तेल, म्हणजे पामारोजा घेतलंय. सर म्हणाले आधी डॉकिंग कर मग लॅबला लाग. मी स्टॅफिलोकोकस ऑरियसचं डीएनए गायरेज प्रोटीन डाउनलोड केलं, यूट्यूबवर दाखवतात तसं त्यातलं पाणी, डीएनए, धातूचे अणू सगळं डिलीट केलं आणि ऑटोडॉक व्हिना या सॉफ्टवेअरमधे तेलातला मुख्य घटक जिरॅनिऑल टाकलं. स्कोअर आला उणे ५.६. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा आला उणे ८.२. म्हणजे आमचं तेल फेल का? मैत्रिणीच्या लवंगेच्या युजेनॉलचा उणे ५.९ आलाय, ती तर आत्ताच पेपर लिहायला बसलीये. — एक विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर: अगं, तेल फेल नाही आणि मैत्रीण पासही नाही. ५.६ आणि ५.९ यात फरक आहे असं म्हणायची त्या सॉफ्टवेअरची ऐपतच नाहीये. व्हिना २०१० साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतून आलं, फुकट आहे, जगभर वापरतात, पण मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर त्याची सरासरी चूक पावणेतीन-तीन किलोकॅलरीच्या घरात जाते. स्कोअर किलोकॅलरीतच असतो, आणि इथे साधारण १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकड दहापट घट्ट किंवा दहापट सैल. तुझ्या जिरॅनिऑल आणि सिप्रोमधे २.६ चा फरक आहे, म्हणजे कागदावर ऐंशीपट, आणि तो अख्खा फरक त्या चुकीच्या पोटात मावतो. मग मैत्रिणीच्या ०.३ चं काय घेऊन बसलीस.

आता तू काय डिलीट केलंस ते बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन काही गायरेजच्या मोकळ्या खिशात जाऊन बसत नाही. गायरेज डीएनएचा धागा कापून धरतं ना, त्या कापलेल्या जागी डीएनएच्याच दोन पायऱ्यांच्या मधे हे औषध शिरतं, आणि मॅग्नेशियमचा एक आयन आणि त्याच्या भोवतीचे पाण्याचे रेणू यांच्या पुलावरून प्रोटीनला धरतं. स्टॅफिलोकोकसमधे त्या पुलाच्या दुसऱ्या टोकाला ८४ नंबरचं सेरीन आणि ८८ नंबरचं ग्लुटामिक अ‍ॅसिड असतं, आणि ही अमिनो आम्लं बदलली की जंतू सिप्रोला दाद देत नाही. म्हणजे ज्याला हे औषध धरतं ते डीएनए तू उडवलंस, ज्याच्यामधून धरतं ते मॅग्नेशियमही उडवलंस, पाणीही गेलं, आणि मग त्याच औषधाला म्हणालीस की आता बस. ते बसलं कुठेतरी, सॉफ्टवेअर कुठेतरी बसवतंच, नाही कधी म्हणत नाही. उणे ८.२ हा त्या भलत्याच जागेचा आकडा आहे. दोष तुझा एकटीचा नाही, असे कितीतरी पेपर छापून आलेत, व्हिडिओ बनवणारे पण तेच वाचून शिकवतात.

गायरेजच घ्यायचं असेल तर त्याचा दुसरा भाग घे, गायरेज-बी, जिथे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बसतो. तिथे नोव्होबायोसिन हे जुनं अँटिबायोटिक बसतं आणि तिथे डीएनएची भानगड नाही. आधी क्रिस्टल रचनेत जो लिगँड (प्रोटीनला धरलेला बारका रेणू) आहे तोच काढून परत डॉक कर, मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तरच पुढे जायचं. हे रिडॉकिंग न करता आलेला स्कोअर मी तरी वाचत नाही.

अजून एक. जिरॅनिऑलमधे हायड्रोजन सोडून ११ अणू, सिप्रोमधे २४. रेणू मोठा तसा स्कोअर मोठा, कारण प्रत्येक अणू थोडी थोडी भर घालतो. ५.६ ला ११ ने भाग, ०.५१ येतं. ८.२ ला २४ ने भाग, ०.३४. याला लिगँड एफिशिअन्सी म्हणतात, आणि या हिशेबाने तुझं रोशा तेल सिप्रोला हरवतं! आता हा आकडा घेऊन नाचू नकोस हं, छोट्या रेणूंचा हा आकडा नेहमीच फुगलेला येतो. सांगायचं इतकंच की एकाच निकालातून दोन उलट मथळे निघतात, आणि लिहिणारा आपल्याला सोयीचा तो उचलतो.

तिसरी तपासणी घरबसल्या होते. उणे ५.६ चं गणित उलटं केलं की पकड निघते साधारण ८० मायक्रोमोलर, जिरॅनिऑलचा रेणूभार १५४, म्हणजे मिलीलिटरमागे जेमतेम १२ मायक्रोग्रॅम. हे खरं असतं तर तुझं तेल भलतंच जोरदार औषध ठरलं असतं. प्रत्यक्ष नळीत अशा टर्पीन अल्कोहोलला जंतू थांबवायला मिलीलिटरमागे शेकडो, कधी हजारांवर मायक्रोग्रॅम लागतात. मग मधे काय झालं? एक तर स्कोअरच चुकीचा, किंवा रेणू प्रोटीनपर्यंत पोचतच नाही, किंवा मुळात तो त्या प्रोटीनला धरून मारतच नाही.

माझं मत तिसऱ्याकडे झुकतं. ओव्यातलं थायमॉल, त्याच्यासारखंच कार्व्हाक्रॉल, आणि जिरॅनिऑल हे सगळे चरबीत रमणारे बारके रेणू आहेत, त्यांचा मोठा डाव जंतूच्या मेंब्रेनवर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावर, चालतो. थायमॉल-कार्व्हाक्रॉलवर याचं बरंच काम झालंय: ते मेंब्रेनमधे घुसतात, पोटॅशियम बाहेर गळायला लागतं, आतबाहेरचा पीएचचा फरक ढासळतो, एटीपी खाली येतो. याला एक खिसा नसतो. डॉकिंगला तर खिसाच लागतो. त्यामुळे मेंब्रेनवर चालणाऱ्या तेलाला प्रोटीनवर डॉक करणं म्हणजे चोर खिडकीतून आला आणि आपण दाराच्या कुलपाचे फोटो काढत बसलोय. सगळीच तेलं अशी नाहीत हां, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड एफटीएसझेड या पेशी-विभाजनाच्या प्रोटीनला अडवतं असं प्रयोगात दिसलंय, तिथे डॉकिंगला अर्थ आहे कारण मागे प्रयोग उभा आहे.

म्हणून सरांना विचार की डॉकिंगऐवजी, किंवा डॉकिंगच्या जोडीला, मेंब्रेनचं मॉलेक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे रेणूंची हालचाल कॉम्प्युटरवर क्षणाक्षणाने चालवून बघणं, करता येईल का. जंतूच्या मेंब्रेनसारखा लिपिडांचा, म्हणजे चरबीच्या रेणूंचा, पडदा बांधायचा (ई. कोलाय असेल तर पीई आणि पीजी ही लिपिडं, तुझ्या स्टॅफिलोकोकसमधे पीई नसतं, तिथे मुख्यतः पीजी), चार्म-जीयूआय या वेबसाइटवर तो बांधून मिळतो, वर पाणी, आयन, आणि त्यात जिरॅनिऑलचे काही रेणू सोडायचे आणि ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरमधे १००-२०० नॅनोसेकंद चालवायचं. बघायचं काय, तर रेणू किती आत जातात, ओएच टोक लिपिडाच्या डोक्याशी राहतं का, प्रत्येक लिपिडाचं क्षेत्रफळ वाढतं का, पडद्याची जाडी कमी होते का. शेजारी तेल न घातलेला तसाच पडदा चालवायचा, नाहीतर तुलना कशाशी करणार. आणि आपल्याकडे लाइट जाते हे धरूनच चाल, ग्रोमॅक्स आपणहून दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट फाइल लिहितं, तिथून पुढे चालू करता येतं, रात्रभराचं रन पहाटे लाइट गेली म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावत बसू नका.

लॅबमधली एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. आगरमधे भोक पाडून तेल टाकायचं आणि झोन, म्हणजे भोवतीचा जंतू न वाढलेला गोल, मोजायचा या पद्धतीवर भिस्त ठेवू नकोस, तेल पाण्यात विरघळत नाही तर आगरमधे पसरणार कसं, झोन छोटा आला की तेल कमजोर असं लिहून मोकळे होतात. ९६ खळ्यांच्या प्लेटमधे एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढ, तेल पाण्यात मिसळावं म्हणून ट्वीन-८० किंवा डीएमएसओमधे कालवून, आणि नुसत्या ट्वीनची एक ओळ वेगळी ठेव. पण त्यातही खोड आहे. तेल उडतं. जास्त तेलाच्या खळ्यातून वाफ उठून शेजारच्या, तेल नसलेल्या खळ्यातले जंतूसुद्धा दबतात आणि तुला वाटतं कमी डोसलाही काम झालं. म्हणून प्लेटवर चिकट सील लाव आणि कंट्रोल तेलाच्या बाजूला ठेवू नकोस, शक्यतो वेगळ्या प्लेटवरच घे. गढूळपणा मशीनवर मोजू नकोस कारण तेलाचं इमल्शन स्वतःच दुधाळ दिसतं. शेवटी रेझाझुरिन हा रंग टाक, जंतू जिवंत असेल तर निळ्याचं गुलाबी होतं, निळंच राहिलं तर वाढ थांबली. थांबली म्हणजे मेला असं अजूनही नाही, त्यासाठी त्या निळ्या खळ्यातलं थोडं साध्या आगरवर पसरवून दुसऱ्या दिवशी कॉलनी येते का बघ. जंतूचा स्ट्रेन चंडीगडच्या एमटीसीसीतून किंवा पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएममधून माग (दोन्ही जंतूंचे संग्रह आहेत), दवाखान्यातून कुणीतरी आणून दिलेल्या निनावी जंतूवर प्रोजेक्ट उभा करू नका.

प्रश्न: ताई, मी धुळ्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतोय, बायोलॉजी दहावीनंतर सोडली. मित्राच्या नादाने १२० सुगंधी तेलांचा डेटा पेपरांमधून गोळा केला. जीसी-एमएस मशीनने काढलेले घटकांचे टक्के हे फीचर, म्हणजे मॉडेलला दिलेली माहिती, आणि तेल जंतूवर चालतं की नाही हे टार्गेट, म्हणजे त्याने ओळखायचं उत्तर. रँडम फॉरेस्ट हा मशीन लर्निंगचा प्रकार लावला, अ‍ॅक्युरसी ९४ टक्के आली. हे खरं असू शकतं का? — धुळे

उत्तर: "खरं असू शकतं का" असं विचारलंस म्हणजे तुलाही शंका आलीये, चांगलं लक्षण आहे. आधी बघ की १२० मधली किती तेलं "चालतं" या रकान्यात आहेत. न चाललेलं तेल कोण छापतं? नव्वद टक्के ओळी "चालतं"च्या असतील तर डोळे मिटून सगळ्यांना "चालतं" म्हणणारं मॉडेलसुद्धा नव्वद टक्के घेतं, मग तुझ्या रँडम फॉरेस्टची कमाई उरली चार टक्के.

दुसरं, ओळी कशा फोडल्यास? एकाच पेपरमधलं एकच तेल सहा जंतूंवर तपासलेलं असतं, रँडम स्प्लिटमधे त्यातल्या चार ओळी ट्रेनमधे (मॉडेलला शिकवायला) आणि दोन टेस्टमधे (तपासायला) जातात, आणि फीचर तर सहाही ओळींचे सेम आहेत. मॉडेल काही शिकलेलं नाही, त्याने पाठ केलंय. पूर्ण पेपरच्या पेपर बाजूला ठेवून तपास, म्हणजे ज्या पेपरची एकही ओळ मॉडेलने पाहिलेली नाही त्याच्यावर. आकडा धाडकन खाली येईल, पण तोच तुझा खरा आकडा.

आणि युनिट बघितलीस का रे? कुणी टक्क्यात लिहितो, कुणी मिलीलिटरमागे मायक्रोलिटर, कुणी मिलिग्रॅम, आणि कुणी तर एमआयसी न देता झोनचे मिलिमीटर देतो. झोन आणि एमआयसी एकमेकांत बदलता येत नाहीत. अशा ओळी सरळ काढून टाक, १२० चे ६० उरले तरी चालतील.

फीचर इंपॉर्टन्सचा, म्हणजे मॉडेलने कुठल्या घटकाला किती वजन दिलं त्याचा, चार्ट तू काढणारच, म्हणून एक सावधगिरी. ओव्याच्या तेलात थायमॉल, गॅमा-टर्पिनिन आणि पॅरा-सायमीन हे तिघं एकत्रच नांदतात, कारण झाड थायमॉल बनवतं ते गॅमा-टर्पिनिनपासूनच. शिवाय सगळे टक्के मिळून शंभर, एक वाढला की दुसरा कमी होणारच. त्यामुळे मॉडेल थायमॉलचं श्रेय सहज पॅरा-सायमीनला देऊन टाकेल. आणि गंमत म्हणजे तेही पूर्ण चूक नसेल: पॅरा-सायमीन एकटं कमजोर असतं, पण ते जंतूचं मेंब्रेन फुगवतं आणि कार्व्हाक्रॉलला आत शिरायला मदत करतं असं प्रयोगात दिसलंय. अशी जोडीची भानगड ओळखायला चेकरबोर्ड टेस्ट करतात, दोन घटक आडवे-उभे वेगवेगळ्या डोसमधे, आणि त्यातून निघणारा एफआयसी इंडेक्स ०.५ किंवा त्याखाली आला तर म्हणायचं की दोघं एकमेकांना जोर देतात. हे तुझ्या सीएसव्हीमधून निघणार नाही, मायक्रोवाल्या कुणाशी तरी दोस्ती कर.

या लाइनचं चांगलं उदाहरण बघायचंच असेल तर हॅलिसिन बघ. २०२० साली एमआयटीच्या लोकांनी २३३५ रेणू ई. कोलायवर एकाच लॅबमधे, एकाच पद्धतीने तपासले, त्यावर न्यूरल नेटवर्क शिकवलं, मग जुन्या औषधांच्या साठ्यातले मॉडेलने वर काढलेले ९९ रेणू खरोखर जंतूवर टाकून बघितले. त्यातले ५१ चालले. मधुमेहासाठी कधीतरी चाचपलेला एक रेणू त्यात अँटिबायोटिक निघाला, तोच हॅलिसिन. ९९ तले ४८ चालले नाहीत आणि तेही त्यांनी छापलंय, ते मला जास्त आवडलं. तुझ्याकडे तसा डेटा नाही हे मान्य, मग घटकांच्या यादीसाठी निदान दिल्लीच्या एनआयपीजीआरचा एसऑइल-डीबी आणि चेन्नईच्या गणित विज्ञान संस्थेचा इंपॅट हे दोन डेटाबेस चाळ, फुकट आहेत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या पिंपळनेर भागात पूर्वी रोशाच्या भट्ट्या होत्या, तेल मुंबईला जायचं असं वडील सांगत. आता नातू म्हणतो कॉम्प्युटरवर त्या तेलाचे औषधी गुण सिद्ध करून घेतले तर चांगला भाव मिळेल. यात तथ्य आहे का? — साक्री तालुका

उत्तर: गुरुजी, वडील बरोबर सांगत होते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींमधे रोशा तेलासाठी खानदेशाचं नाव येतं, पिंपळनेर, अक्राणी, नंदुरबार, शहादा, तळोदा हा सगळा पट्टा. मुंबईहून ते तेल तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. म्हणजे युरोपातल्या बायका ज्याला गुलाब समजून हुंगायच्या त्यात थोडा वाटा आपल्या सातपुड्याच्या गवताचा असायचा! इथले भट्टीवाले मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार सांगत, मोतियाचा वास नाजूक. आज बहुतेक शास्त्रज्ञ ते एकाच प्रजातीचे दोन वाण मानतात, आणि मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण ७० ते ८५ टक्के असतं, सोफियात बरंच कमी.

भावाचं म्हणाल तर तो डॉकिंगच्या रंगीत चित्राने मिळत नाही. घेणारा अत्तरवाला किंवा साबणवाला जीसी रिपोर्ट मागतो: जिरॅनिऑल किती, जिरॅनिल अ‍ॅसिटेट किती, भेसळ आहे का. जळगावच्या विद्यापीठात केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे, तिथे तेलांचा अभ्यासक्रमच चालतो, रिपोर्टची चौकशी तिथून सुरू करा. लागवडच करायची असेल तर लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने तृष्णा, पीआरसी-१ अशा जाती काढल्यात. डोंगरातलं गवत कापून आणलं तर दर भट्टीला तेल वेगळं उतरतं, फुलोऱ्याची वेळ, पाऊस, गवत किती सुकवलं, सगळ्याचा फरक पडतो.

नातवाला मात्र अगदी नाउमेद करू नका. कॉम्प्युटरचा उपयोग इथे आहे, पण वेगळा. पाच-सहा डोंगरउतारांवरच्या गवताचे जीसी रिपोर्ट आणि एमआयसी एकत्र ठेवून कुठल्या घटकाबरोबर जंतुनाशक ताकद वरखाली होते हे त्याला बघता येईल. आणि ते गवत कापणारी, भट्टी पेटवणारी पावरा-भिल्ल माणसं कोण ते त्याने वहीत आधी लिहून ठेवावं, असल्या पेपरांमधे गवत आपोआप उगवून आपोआप बाटलीत उतरल्यासारखं लिहिलेलं असतं त्याचा मला राग येतो. शिवाय जैवविविधता कायद्याचे नियम आहेत, त्याने आधी कॉलेजात विचारून घ्यावं.

प्रश्न: केळीच्या बागेत कंदकुज आलीये. एक जण "कॉम्प्युटरवर सिद्ध झालेलं नॅनो लवंग तेल" विकतोय, म्हणतो करपा पण जातो, कंदकुज पण जाते. घेऊ का? — केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर: भाऊ, नका घेऊ, निदान पावती, लेबल आणि शेतातल्या चाचणीचे आकडे दाखवल्याशिवाय तरी नको. करपा बुरशीचा, कंदकुज जीवाणूची, दोन वेगळ्या जमाती. एकाच बाटलीने दोन्ही जातात म्हणणाऱ्याकडे नीट बघायचं. कॉम्प्युटरवर त्याने फार तर लवंगेतला युजेनॉल एखाद्या प्रोटीनवर बसवून दाखवला असेल. पत्रिका जुळली म्हणून संसार झाला असं होत नाही, तसं आहे हे. तुमच्या बागेत तो रेणू कुठल्या वातावरणात जाणार, तर ओली काळी माती, शेणखत, ड्रिपचं पाणी आणि मे महिन्याचं आपल्याकडचं ऊन. निम्मं तेल उडून जाणार, उरलेलं मातीतल्या सेंद्रिय कणांना चिकटणार, कंदाच्या आत सडवत बसलेल्या जीवाणूपर्यंत किती पोचेल ते तुम्हीच बघा.

आणि तेल जास्त झालं तर पानं जळतात. लवंग तेल परदेशात सेंद्रिय शेतीत तणनाशक म्हणून फवारतात, यावरून काय ते समजा. त्यापेक्षा पाण्याचा निचरा बघा, सडलेली झाडं कंदासकट उपटून बागेबाहेर न्या, विळा-कुदळ एका झाडावरून दुसऱ्याला लावताना निर्जंतुक करा, आणि पुढच्या लागवडीला कंद तपासूनच घ्या. औषध कुठलं ते जळगावच्या केळी संशोधन केंद्राला किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्राला कंदाचा नमुना दाखवून विचारा. फोटो पाठवून नको, कापलेला कंद घेऊन जा, आतला रंग आणि वास बघूनच त्यांना नीट सांगता येईल.

प्रश्न: ताई, आमनी सासू म्हने, "दात दुखस ते लवंग धर दातमा." आता मोबाइलवर वाचलं की लवंग आणि निलगिरीच्या तेलाने जंतू मरतात हे कॉम्प्युटरने शोधलंय. नातवाला सारखी सर्दी असते, दुधात दोन थेंब टाकून दिले तर चालतील का? — एक आजी, अमळनेर

उत्तर: मावशी, अजिबात नाही. दातात लवंग धरणं वेगळं, त्यातला युजेनॉल दाताचे डॉक्टरसुद्धा झिंक ऑक्साइडमधे कालवून भरतात. पण बाटलीतलं तेल म्हणजे कितीतरी लवंगांचा अर्क एका थेंबात. लहान मुलाच्या पोटात लवंग तेल गेलं तर लिव्हरला इजा होऊ शकते, निलगिरीचं तेल थोडंसं जरी गिळलं तरी गुंगी येते, झटके येतात. कापराचंही तसंच. बाटल्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि चुकून प्यायलाच तर उलटी करवत बसू नका, बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा.

मोबाइलवरची ती बातमी बहुतेक कोरोनाच्या काळातली असेल. २०२० मधे घरबसल्या खूप लोकांनी निलगिरीतले घटक विषाणूच्या प्रोटीनवर डॉक केले, स्कोअर आले, बातम्या झाल्या. त्यात माणूस नव्हता, मूल नव्हतं, बऱ्याच वेळा विषाणूही नव्हता, नुसती फाइल होती. आणि सर्दी बहुतेक वेळा विषाणूचीच असते, जंतू मारणारं तेल असो नाहीतर अँटिबायोटिक, तिथे काम नाही. सारखी होते म्हणताय तर एकदा बालरोगतज्ज्ञाला दाखवा, अ‍ॅलर्जी असू शकते.

प्रश्न: मॅम, बी.फार्मला आहे, डॉकिंग शिकायचंय, घरी ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. नवीन घ्यावा लागेल का? — नंदुरबार

उत्तर: नको. व्हिना प्रोसेसरवर चालतं, जिरॅनिऑलसारखा बारका रेणू तर जुन्या लॅपटॉपवरसुद्धा थोड्या मिनिटांत होतो. प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून आहे आणि फुकट आहे, रेणू पबकेम या डेटाबेसमधून घे, फॉरमॅट बदलायला ओपन बॅबल. ज्या प्रोटीनची प्रयोगातली रचना नाही त्याची अल्फाफोल्डने अंदाजाने बांधलेली मिळेल, पण डॉकिंगआधी त्या भागाचा कॉन्फिडन्सचा रंग बघ, नारिंगी-पिवळ्या भागात खिसा शोधत बसू नकोस. मॉलेक्युलर डायनॅमिक्सला मात्र ग्राफिक्स कार्ड लागतं, त्यासाठी गूगल कोलॅब वापर, फुकटवालं मधेच तुटतं म्हणून फाइल ड्राइव्हवर सेव्ह करत जा. पैसे वाचतील त्यात सील लावायच्या चिकट शीट आणि रेझाझुरिन घे, कॉलेजात नेमकं तेच संपलेलं असतं.